साहेबांचा शॉट आणि सरांचं वाक्य

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाने फिल्म क्लबात जाऊ नये, असं माझ्या बायकोचं मत होतं. आठवड्यातले सहा दिवस मी लोकांचे व्हिडिओ कापत बसतो आणि सातव्या दिवशी आणखी कुणीतरी कापलेलं बघायला जातो, हे तिला पटत नव्हतं. पण गंगापूर रोडला एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी दहाला सिनेमा दाखवतात हे कळल्यावर मी गेलो, आणि लग्नसराई सोडली तर अजूनही जातो.

तिथे वीसेक माणसं यायची, बहुतेक निवृत्त. सिनेमा दीड तासाचा असेल तर चर्चा पावणेदोन तास चाले. विषय कुठलाही निघो, अर्ध्या तासात गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबायची. हा सिनेमा कुणाचा, दिग्दर्शकाचा की लेखकाचा?

दिग्दर्शकाच्या बाजूने बोलायचे ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांना सगळे साहेब म्हणत. लेखकाच्या बाजूने होते ते कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले सर. साहेब म्हणायचे, "कागदावर कालवा कुणीही काढतो. पाणी वाहवून दाखवणारा वेगळा असतो." सर चष्मा पुसत म्हणायचे, "कागदावर चुकलेला कालवा बांधला तर पाणी कुठे जातं, तेवढं साहेबांनी सांगावं." यावर साहेब वीस मिनिटं सांगत.

एकदा एक परदेशी सिनेमा होता. त्यात एक म्हातारा बराच वेळ सायकल दुरुस्त करतो आणि एक शब्द बोलत नाही. साहेब खूश झाले. "आता सांगा सर, यात लेखकाने काय केलं? 'तो बोलत नाही' एवढं लिहायला लेखक लागतो का?"

"लागतो," सर म्हणाले. "नाहीतर तो बोलला असता."

असं किती वर्षं चाललं असतं कोण जाणे. पण बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई क्लबच्या सचिव होत्या. त्यांना हॉलची किल्ली वेळेवर परत करावी लागायची, त्यामुळे चर्चा लांबली की जीव त्यांचा वर-खाली व्हायचा. एका रविवारी त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं मिळून एक छोटा सिनेमा करूनच दाखवा ना. सरांनी लिहायचं, साहेबांनी करायचं. आम्ही बघून ठरवू." त्यांना बहुधा वाटलं असावं की यावर दोघं गप्प बसतील. दोघांनी डायऱ्या काढल्या. माझ्याकडे कॅमेरा होता, म्हणून मला कुणी विचारलंच नाही. मी धरलेलाच होतो.

सरांनी तीन आठवड्यांत दहा मिनिटांच्या सिनेमासाठी चौतीस पानं लिहून आणली. गोष्ट साधी होती. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेतली सासू. सून पहिल्यांदाच शहरात नोकरीला निघाली आहे आणि सासू तिला निरोप देते. निरोपाचं भाषण दीड पानाचं. त्यात माती होती, मुळं होती, वेलीला आधार देणाऱ्या तारा होत्या आणि उंबरठा चार वेळा होता.

साहेबांनी पानं वाचली, नीट घडी घातली आणि म्हणाले, "छान आहे सर. पण ती हे बोलणार नाही."

"मग काय करणार?"

"घडाकडे बघणार."

"किती वेळ?"

"दोन मिनिटं चाळीस सेकंद."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या दिवसापासून ते दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलू लागले. साहेब मला फोन करून सांगत की सरांना विचारा, तिसऱ्या पानावरचा पाऊस काढला तर चालेल का. सर मला सांगत की साहेबांना कळवा, तो पाऊस नाही, आठवण आहे.

सासूच्या कामासाठी मी माझ्या मावशीला विचारलं. दिंडोरीच्या पुढे तिची बाग आहे. तासाभराचं काम आहे असं मी सांगितलं, म्हणून ती हो म्हणाली. सुनेच्या कामाला सचिवबाईंची भाची आली. ती फार्मसीला होती आणि तिला यातलं काही नको होतं, पण आत्याला नाही कसं म्हणणार.

जानेवारीतली सकाळ होती. आम्ही उजाडायच्या आत नाशिकहून निघालो. बागेत धुकं होतं, बाया घडांना कागद बांधत होत्या. सरांनी मावशीला बाजूला बसवून भाषण वाचून दाखवलं. तिने मान हलवत सगळं ऐकलं आणि म्हणाली, "लय चांगलं लिवलंय सर. पण हे समदं सांगत बसले तर पोरीची बस जाईल."

साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी स्वेटरच काढला. त्यांनी मावशीला वेलींच्या मंडपाखाली उभं केलं आणि समजावलं की काही बोलायचं नाही, नुसतं या घडाकडे बघायचं, मनात सगळं आयुष्य आणायचं. मी कॅमेरा सुरू केला. मावशीने तीन सेकंद बघितलं आणि बोटांनी घडातला एक मणी काढून फेकला.

"मावशी, नुसतं बघायचं."

"नुसतं कसं बघू? सडका मणी दिसला की हात जातोच."

आता सरांना आनंद झाला. असे अकरा टेक झाले. त्या अकरा टेकमध्ये मावशीने घड मात्र अगदी स्वच्छ करून टाकला.

बाराव्या वेळी मला कुणी सुरू करा म्हणालं नव्हतं. साहेब आणि सर जरा मागे उभे होते. कित्येक आठवड्यांनी ते समोरासमोर बोलत होते आणि त्यामुळे दोघांचंही इकडे लक्ष नव्हतं. मी मात्र अकराव्या टेकनंतर कॅमेरा बंदच केला नव्हता. पुढे बरीच वर्षं मी हे माझं कलावंताचं भान म्हणून सांगणार आहे. खरं म्हणजे थंडीने माझी बोटं बधिर झाली होती.

भाचीने बॅग उचलली आणि सांगितल्याप्रमाणे चालायला लागली. मावशी म्हणाली, "डबा घेतला का?"

पोरगी थांबली. हे कागदावर नव्हतं. "नाही," ती म्हणाली.

"सकाळपासनं काय खाल्लं?"

"काहीच नाही."

"थांब." मावशी घरात गेली. मी रिकाम्या दाराचं चित्रण करत राहिलो. ती फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी घेऊन आली आणि पोरीच्या बॅगेत कोंबल्या. चेन अडकली. तिने ती ओढून ओढून लावली. मग पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, काढला आणि म्हणाली, "जा आता." पोरगी गेली. मावशी दोन पावलं तिच्या मागे गेली आणि थांबली. मग वळून बागेतल्या बाईला ओरडली, "अगं, तिकडच्या ठिबकचा कॉक बंद कर. कवाचा चालू हाय."

मागून साहेबांचा आवाज आला, "चला, आता बारावा टेक."

मी माझ्या दुकानात बसून ते सगळं जोडलं आणि दोघांना बोलावलं. चित्रफीत संपली. मग साहेब हळू म्हणाले, "हेच. मला हेच पाहिजे होतं."

सर म्हणाले, "माझ्या दीड पानाचा हा सारांश आहे."

रविवारी हॉलमध्ये दाखवला तेव्हा मावशी पुढच्या रांगेत बसली होती. चेन अडकली तिथे लोक हसले. पोरगी गेल्यावर मागे कुणीतरी नाक शिंकरलं. दिवे लागले आणि सचिवबाईंनी विचारलं, "ही डब्याची कल्पना कुणाची?"

साहेब आणि सर एकदम उभे राहिले. बाई म्हणाल्या, "आपण मावशींनाच विचारू."

मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "पोरगी उपाशी व्हती. तिला इचारलं."

साहेबांनी सभागृहाकडे हात केला. "नटाकडून ही सहजता काढून घेणं, यालाच दिग्दर्शन म्हणतात." सर म्हणाले, "उपाशीपण कुठून आलं? पात्राच्या परिस्थितीतून. परिस्थिती कुणी लिहिली?" भाची उभी राहून म्हणाली की आम्ही फार लवकर निघालो होतो आणि वाटेत गाडी कुठे थांबवलीच नाही. तिचं बोलणं कुणी ऐकलं नाही, कारण तोपर्यंत हॉलमध्ये दोन तट पडले होते.

नावांच्या पाटीवरून तर क्लब फुटलाच. साहेबांना सिनेमाच्या सुरुवातीला स्वतःचं एकट्याचं नाव हवं होतं आणि सरांना 'लिखित' हा शब्द 'दिग्दर्शित'च्या आधी हवा होता. मी दोघांसाठी दोन प्रती केल्या. दोन्ही प्रतींत छायाचित्रण आणि संकलन ही अक्षरं जरा मोठी पडली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मावशीचं नाव दोन्हींत शेवटी होतं.

साहेबांबरोबर दहा जण गेले, सरांबरोबर नऊ. प्रोजेक्टर साहेबांच्या घरी होता, पडदा सरांच्या. त्यामुळे साहेबांच्या गटाने पूर्ण पावसाळा ओल आलेल्या भिंतीवर सिनेमे पाहिले. तिथे कुठल्याही देशातल्या आकाशाला एक डाग असायचा. सरांचा गट सुंदर पांढऱ्या पडद्यासमोर लॅपटॉप ठेवून, डोकी जवळ करून बघायचा. मी एका रविवारी इकडे, एका रविवारी तिकडे जायचो. दोन्हीकडे एकच अडचण होती. सगळे एकाच मताचे असल्यामुळे चर्चा दहा मिनिटांत संपायची. साहेब घड्याळाकडे बघत बसायचे. सर मला हळूच विचारायचे, "तिकडे काय म्हणाले यावर?"

ऑक्टोबरात दोन्ही गटांनी मावशीचा सत्कार ठरवला, एकाच रविवारी, एकाच वेळी. मावशीने दोघांनाही कळवलं की छाटणी सुरू आहे, येता येणार नाही. तेव्हा दोन्ही गट शाल-नारळ घेऊन तिच्याकडेच निघाले. मी साहेबांच्या गाडीत होतो. बागेच्या फाटकाशी पोचलो तर सर एसटीतून उतरून चालत येताना दिसले, बुटांवर सगळी धूळ.

मावशी हातातली कात्री न ठेवताच बाहेर आली. दोन्ही शाली घेतल्या, दोन्ही नारळ घेतले आणि चहा टाकायला सांगून पुन्हा ओळीत शिरली. साहेब आणि सर छाटलेल्या वेलींखाली समोरासमोर राहिले. पहिल्यांदा कोण बोललं ते मला ऐकू आलं नाही. चहा येईपर्यंत दोघांचे आवाज चढले होते, आणि सरांच्या चेहऱ्यावर सहा महिन्यांत नव्हता असा तजेला आला होता.

मावशीने मला विचारलं, "यांचं काय चाललंय?"

"सिनेमावर बोलतायत."

"कंच्या?"

"तुझ्याच."

"मग मला का नाय इचारत?"

मी चहा पीत राहिलो. ती म्हणाली, "इचारलं असतं तर सांगितलं असतं. त्या पिच्चरमधी बागेचा डावा कोपरा घेतलाय. तिथं रोग पडला व्हता. उजवीकडनं घ्यायला पाहिजे व्हतं. गावात लोक हसतात."

ही चूक ना दिग्दर्शकाची होती ना लेखकाची. मी तिला सांगायला लागलो की सकाळी प्रकाश डावीकडून येत होता, उजवीकडे घराची सावली पडत होती, शिवाय धुकं. तिने दोन वाक्यं ऐकली आणि पुढच्या वेलीकडे गेली. परत येताना सर आमच्याच गाडीत बसले. नाशिक येईपर्यंत ते दोघं पुढे भांडत होते आणि मी मागून प्रकाशाबद्दल बोलत होतो.

पुढच्या रविवारी प्रोजेक्टर आणि पडदा दोन्ही वाचनालयाच्या हॉलमध्ये आले. सचिवबाईंनी आता नियम केलाय की चर्चा सिनेमाच्या आधी घ्यायची, म्हणजे किल्ली वेळेवर परत करता येते. सिनेमा अजून कुणी पाहिलेला नसतो, पण त्याने चर्चेत काही फरक पडलेला नाही. आता मीही मधूनमधून हात वर करतो. गेल्या रविवारी छायाचित्रणावर बारा मिनिटं बोललो, आणि साहेब व सर या दोघांचंही पहिल्यांदाच एकमत झालं की मी मुद्द्यावर यावं.