हलक्या धानाच्या दिवसांत

नागपूरहून पहाटेची एसटी धरली तेव्हा मी अंगावर शाल घेतली होती आणि त्याचंच मला अप्रूप वाटत होतं. मॉरिशसमध्ये समुद्रकाठच्या आमच्या गावात ऑक्टोबर लागला की उकाडा वाढायला लागतो. शाळेत मराठीच्या तासाला आम्ही सहा ऋतूंची नावं पाठ केली होती. त्यातला शरद कसा असतो, हे शिकवणाऱ्या बाईंनाही ठाऊक नव्हतं. एम.ए. करायला नागपूरला आले तेव्हा तो मला भेटला. सकाळी नळाचं पाणी गार लागायचं, दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटायचं, कोपऱ्यावरच्या गाडीवर सीताफळांची रास लागायची. म्हणून माझ्या खोलीत राहणारी ज्योत्स्ना म्हणाली, “दिवाळीच्या सुट्टीत माझ्या गावी चल, हलकं धान (लवकर पिकणारं भात) कापायले आलं असन,” तेव्हा मी लगेच पिशवी भरली.

चंद्रपूरला गाडी बदलली. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली आणि पुढे जंगल दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलं. सागाची रुंद पानं कडेने तपकिरी व्हायला लागली होती. मी खिडकीची काच सरकवून तोंडावर वारा घेत होते. आलापल्ली मागे पडल्यावर कंडक्टर आमच्या बाकाशी येऊन थांबला.

“फाट्यावर उतरून पायी जान्याचं काम नाई,” तो ज्योत्स्नाला म्हणाला. “कोनी न्यायले येऊन राह्यलं का?”

“बाबा येऊन राह्यले. काऊन?”

“वाघ फिरून राह्यला तिकडं. परवा बैल मारला.”

हे सांगून तो पुढच्या माणसाचं तिकीट फाडायला गेला. मी काच लावून घेतली.

एटापल्लीच्या अलीकडच्या फाट्यावर ज्योत्स्नाचे वडील, हरिभाऊ काका, मोटारसायकल चालूच ठेवून उभे होते. आम्ही दोघी मागे बसलो. गावापर्यंतच्या त्या जंगलपट्ट्यात त्यांनी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. मी काकांच्या खांद्यावरून फक्त समोरचा रस्ता पाहत होते. बाजूला पाहायची छाती झाली नाही.

घरी पोचल्यावर मात्र सगळं सोपं वाटलं. ज्योत्स्नाच्या आईने, काकूंनी, अंगणात बोडीतले (लहान तळ्यातले) शिंगाडे उकडून ठेवले होते. काळं, काटेरी साल सोलायला मला जमेना, तेव्हा त्या स्वतः सोलून माझ्या हातावर ठेवू लागल्या. आत पांढराशुभ्र, किंचित गोड, पिठूळ गर. जेवणात नव्या तांदळाचा भात आणि जवसाची चटणी होती. तो भात नुसता खावा असा होता. बोलणं मात्र वाघाचंच चाललं होतं. मेलेला बैल शेजारच्या इंदिराबाईंचा होता. नाल्याकाठी, त्यांच्या बांधीच्या (भातखाचराच्या) अगदी कडेला तो सापडला होता.

“जंगलवाले सांगून गेले, एकटं जाऊ नका,” काका म्हणाले. “पन धान तर पिकलं. आता नाई कापलं तं लोंब्या झडून जातीन.”

“सगळ्या मिळून जातो आमी,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. काका गावातल्या माणसांबरोबर रस्त्याकडच्या बांध्यांत गेले होते. आमच्यात काकू, ज्योत्स्ना, मी, शेजारच्या काही बायका आणि इंदिराबाई होत्या. इंदिराबाई साठीच्या, सडपातळ, डोक्यावर पदर घट्ट खोचलेल्या. धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गवतात दव इतकं होतं की माझा परकर गुडघ्यापर्यंत भिजला. धानावर धुकं टेकलं होतं आणि त्याच्या आत सगळं सोनेरी दिसत होतं. अशी सकाळ मी कधी पाहिली नव्हती, आणि ती मला धड पाहता येत नव्हती. काही हललं की नजर आधी तिकडे वळायची.

कापताना बायका एकमेकींना हाका मारायच्या. एकीने “ओऽ” म्हटलं की बाकीच्या आपापल्या जागेवरून “ओऽ” द्यायच्या. त्यातच गप्पा, चेष्टा, कुणाच्या सुनेचं कौतुक. काकूंनी मला विळा कसा धरायचा ते दाखवलं. माझी मूठ लहान पडत होती आणि बोटं कापतील या भीतीने मी फार हळू कापत होते.

ऊन वर आलं, धुकं विरलं. इंदिराबाई म्हणाल्या, “मी माह्या बांधीत पाहून येतो, पिकलं का नाई.” त्यांची बांधी शेवटची, नाल्याला लागून. दोन बायका सोबत उठल्या, तर त्या म्हणाल्या, “इथूनच तं दिसून राह्यली मी तुमाले. आवाज देत राहतो.”

त्या गेल्या. काकूंनी “ओऽ” म्हटलं, तिकडून “ओऽ” आलं. थोड्या वेळाने पुन्हा आलं. त्यानंतर काकूंनी हाक दिली आणि उत्तर आलं नाही.

सगळ्यांचे विळे थांबले.

“ओ इंदिराबाई,” काकू मोठ्याने म्हणाल्या.

मधल्या धुऱ्यावरच्या झुडपांआड त्या दिसतही नव्हत्या. ज्योत्स्नाने माझं मनगट धरलं. कुणी पळालं नाही, कुणी रडलं नाही. बायका एका जागी आल्या, खांद्याला खांदा लावून. एकीने जेवणाचा डबा रिकामा करून हातात घेतला. आम्ही तशाच, एक घोळका होऊन, धुऱ्यावरून पुढे सरकू लागलो.

शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर मोहाचं झाड आहे. इंदिराबाई त्याला पाठ लावून उभ्या होत्या. विळा छातीशी धरलेला. त्या आमच्याकडे पाहत नव्हत्या. त्यांची नजर समोरच्या उभ्या धानात होती. त्यांनी फक्त डाव्या हाताची बोटं किंचित उचलली.

काकूंनी मान हलवली आणि सगळ्या बायका एकदम ओरडल्या. डब्यावर विळा आपटू लागला. मीही ओरडत होते, कोणत्या भाषेत ते आठवत नाही. समोरच्या धानात, झाडापासून फार लांब नाही, लोंब्या हलल्या. पिवळ्यात पिवळं काहीतरी उठलं, क्षणभर एक रुंद पाठ दिसली आणि धान दुभंगत नाल्याकडे गेलं. नाल्यापलीकडे वाळकी पानं चुरचुरली. मग आवाज आमचाच उरला.

इंदिराबाई झाडाशी घसरत खाली बसल्या. विळ्यावरची त्यांची बोटं सुटेनात. काकूंनी त्यांच्यासमोर बसून एकेक बोट सोडवलं.

“त्याचे डोये माह्यावर होते,” इंदिराबाई म्हणाल्या. “आवाज दिला असता तं हाललं असतं ना आंग. म्हून नाई दिला.”

दुपारी वनरक्षक आले. ठसे पाहून त्यांनी काही दिवस नाल्याकडे न जाण्याची विनंती केली. इंदिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “साहेब, धान उभं आहे.” मग काकाच म्हणाले, “उद्या अख्खं गाव इंदिराबाईच्या बांधीत. आपलं मागून.” वनरक्षक म्हणाले, मग आम्हीही येतो.

रात्री ज्योत्स्नाने विचारलं, मला परत जायचं आहे का. मी हो म्हणणार होते. “उद्यानंतर बघू,” असं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती बांधी माणसांनी भरली होती. वनरक्षक काठ्या घेऊन नाल्याच्या अंगाला उभे राहिले. मीही कापलं. कुणी फारसं हसलं-बोललं नाही, सगळ्यांचा एक डोळा नाल्यावर होता. कडपा (कापलेल्या धानाच्या ओळी) पडत गेल्या. शेवटचा कोपरा मोकळा झाला आणि बांधीत कुणाला लपायला जागा उरली नाही, तेव्हा कुठे माझा श्वास खालपर्यंत गेला. इंदिराबाईंनी एक सीताफळ फोडून अर्धं मला दिलं. घामाने भिजलेल्या पाठीवर वारा गार लागत होता. त्या वाऱ्यासाठीच मी एवढ्या लांब आले होते.

निघायच्या दिवशी इंदिराबाई फाट्यापर्यंत आल्या. काकांची मोटारसायकल आम्हाला सोडून त्यांना घ्यायला परत गेली, इतकं त्यांना यायचं होतं. गाडीची वाट पाहताना त्यांनी विचारलं, “तुह्या देशात वाघ नाई म्हनते.”

“नाही बाई. माणसाला मारील असं कुठलंच जनावर नाही. विषारी सापसुद्धा नाही.”

“मंग बाई एकटीच जाते वावरात?”

“जाते. माझी आत्या रोज पहाटे एकटीच जाते, भाजीच्या शेतात.”

त्यांनी यावर नीट विचार केला. “बरं आहे,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “पन मंग बोलते कोनासंग?”

गाडी आली आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. चंद्रपूर गेलं, सोयाबीन निघालेली काळी रानं आणि कपाशीची पांढरी बोंडं दिसू लागली, तरी मी तेच शोधत होते. आत्याच्या अंगणात मी लहानाची मोठी झाले, पण पहाटे ती कशी असते, काय गुणगुणते, काही बोलते का, हे मी तिला कधी विचारलं नव्हतं.

वरोऱ्याला गाडी चहासाठी थांबली तेव्हा मी तिला फोन लावला. तिकडे अजून दुपार व्हायची होती आणि ती शेतातच होती. तिने दचकून विचारलं, “काय झालं? कोणी आजारी आहे का?”

“नाही. सहज केला,” मी म्हटलं.

मग डोक्यावरची टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, “थांब, सावलीत बसते. मग सगळं सांग.”