मथुरामावशीची मान

शिसारी येते मला त्या गारढोण खोलीची. अंधेरीतल्या त्या तपासणी केंद्राचं नाव घेऊन मी तोंड विटाळणार नाही.

मथुरामावशी माझ्या आईची बहीण, मढच्या कोळीवाड्यातली. लग्न झाल्यापासून डोक्यावर माशांची पाटी घेऊन तरीतून खाडी ओलांडून वर्सोव्याला उतरायची आणि अंधेरीच्या बाजारात आपल्या ओट्यावर बसायची. ओटा तिच्या सासूचा. नवरा गेला तेव्हाही तेरावं उरकून ती आधी तिथेच जाऊन बसली. घरात ती कुणाची आई, कुणाची सासू. ओट्यावर मात्र मथुरा, आणि भाव तीच ठरवणार.

गेल्या वर्षी तिला चक्कर यायला लागली. कूस बदलली की घर फिरायचं. डॉक्टरांनी कानाची तपासणी लिहून दिली. कानात मोठा टकटक आवाज सोडतात आणि मानेवर चिकटवलेल्या तारांवरून कानातला तोल सांभाळणारा भाग चालतोय का ते बघतात. मी सोबत गेले.

आत एक मुलगी होती. मावशी आंघोळ करून, अबोली माळून, ठेवणीतलं लुगडं नेसून आलेली, तरी त्या बयेने नाकाला रुमाल लावला. तारा चिकटवल्या त्याही बोटांच्या टोकांनी, मेलेली पाल उचलावी तशा. मग लांब जाऊन बसली आणि तिथूनच हुकूम सोडला, मान डावीकडे वळवा, तशीच धरा. मावशी वळली ती खांद्यांसकट, कंबरेतून. उजवीकडेही तशीच. बयेचं डोकं मोबाईलमध्ये.

रिपोर्ट आला, तोलाच्या बाबतीत दोन्ही कान निकामी. डॉक्टरांनी कागद वाचला, मावशीला हात न लावताच मुलाला सांगितलं की या कधीही पडतील, ओझं बंद, गर्दी बंद. झालं, सुटले! अल्पेश, तिचा मुलगा, घाबरला. वाईट नाही तो, पण भारी उतावळा. महिन्याच्या आत त्याने आईचा ओटा बर्फातली मासळी विकणाऱ्या एकाला देऊन टाकला. हलत्या होडीत पाटी घेऊन उभी राहणारी बाई, भिंत धरून न्हाणीत जायला लागली.

शेवटी मी हट्टाने तिला मुलुंडला दुसरीकडे नेलं. तिथे तपासणी करणाऱ्या मृणालिनीताई पन्नाशीच्या. त्यांनी आधी बत्ती घेऊन कान तपासले. मग मान वळवायला सांगितली. मावशी खांद्यांसकट वळली तशा त्या थांबल्या, आणि डोक्यावर ओझं वाहता का म्हणून विचारलं. पाटीवाली बाई नुसती मान कधी वळवतच नाही, पाटी कलंडेल ना! ती सगळीच वळते. आणि मानेचा स्नायू ताणलेला नसेल, तर कान धडधाकट असला तरी यंत्राला काही कळत नाही. ताईंनी एका हाताने मावशीचा खांदा दाबून धरला, दुसऱ्याने गाल वळवला, डोकं उशीवरून उचलायला लावलं. दोन्ही बाजूंच्या लाटा छान उमटल्या. चक्कर होती ती कानात सुटलेल्या बारीक कणांची. ताईंनी पलंगावर तिचं डोकं या कुशीवरून त्या कुशीवर फिरवलं आणि चक्कर तिथेच उतरवली.

मी तडक अंधेरीला गेले आणि जाब विचारला. तर म्हणे, अशा तपासणीत थोडं पुढेमागे होतंच. थू! बाईला जन्मातून उठवलं आणि म्हणे पुढेमागे. खुर्चीतून उठायचीही तसदी कुणी घेतली नाही.

संध्याकाळी अल्पेशने नवा रिपोर्ट वाचला. त्याला आनंद मावेना.

"आई, कान एकदम झकास आहेत तुझे. तुला काही झालंच नव्हतं."

मावशीने त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.

"मग माझा ओटा?" तिने विचारलं.