एकच जागा आहे

पहिल्या इंटरव्ह्यूला मी बारावीचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेलं होतं. ते कोणी मागितलं नाही. बाजारपेठेत कपड्यांचं नवं दुकान निघालं होतं आणि 'काउंटरसाठी बाई पाहिजे' अशी पाटी लावली होती. मालकाने मोबाइलमधून मान वर न करता वय विचारलं. मी चव्वेचाळीस सांगितलं.

"आम्हाला जरा मुलगी हवीय," तो म्हणाला.

"पाटीवर बाई लिहिलंय."

त्याने उठून पाटी काढली आणि आत ठेवली. इंटरव्ह्यू संपला.

दुसरा एका खाजगी दवाखान्यात, आयाबाईच्या जागेसाठी. तिथे डॉक्टरांच्या बायकोने अनुभव विचारला. मी म्हटलं, वर्षभर एका माणसाचं सगळं अंथरुणात करतेय. उचलणं, पुसणं, कूस बदलणं, जखम धुणं. ती म्हणाली, "तसा नाही हो, लेखी अनुभव." लेखी माझ्याकडे काही नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझा नवरा. सुपारीच्या बागांतून कामाला जायचा. झाडावर चढून घड उतरवायचा आणि खाली न येता झोका घेऊन शेजारचं झाड धरायचा. एका सकाळी शेजारचं झाड हातात आलं नाही. तेव्हापासून कमरेखाली जोर नाही. डॉक्टरांनी मला एकच गोष्ट तीनदा सांगितली होती : दर काही तासांनी कूस बदला, पाठ एका जागी राहिली की कातडी सडते. एकदा सडायला लागली की भरून येणं कठीण.

म्हणजे मला नुसतं काम नको होतं, दुपारी एक तास घरी येता येईल असं काम हवं होतं. दुकान आणि दवाखाना एसटीने जावं लागेल इतके लांब होते, त्यात ते बसणारं नव्हतं. तरी गेले, कारण हाताशी दुसरं काही नव्हतं. मग आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, हरिहरेश्वरच्या रस्त्याला, समुद्राकडच्या बाजूला एक रिसॉर्ट झालं. तिथे खोल्या साफ करायला बाई हवी असं कळलं आणि मी त्याच दुपारी गेले.

मॅनेजर पंचविशीतला, नवी मुंबईचा. मी पिशवी पुढे केली. त्याने ती घेतली आणि तिच्यावर चहाचा कप ठेवला. मग मोबाइलमध्ये बघून विचारलं, "पाच सालानंतर तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"इथेच. चादरी बदलताना."

"नाइस. हिंदी?"

"कामापुरती येते."

"स्माइल?"

"काय?"

"गेस्टसमोर स्माइल पाहिजे, मॅडम. करून दाखवा."

मी करून दाखवलं. त्याने लगेच खाली मोबाइलकडे बघितलं, त्यावरून मला अंदाज आला.

"जागा एकच आहे," तो म्हणाला. "शनिवारी ट्रायल घेऊ. नऊला या."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो छताकडे बघत ऐकत होता. "पाच वर्षांनी मी कुठं असणार ते न्हाय विचारलंन?" तो म्हणाला.

"तू इथंच."

"मंग आपलं दोघांचं उत्तर एकच हाय."

शनिवारी आम्ही पाच बायका होतो. बारा खोल्या. अकराला जुने पाहुणे जाणार आणि एकला मुंबई-पुण्याचे नवे येणार, मधल्या दोन तासांत सगळं. समुद्रावरून आलेले लोक अर्धा किनारा पायाला लावून आणतात. वाळू गादीत जाते, टॉवेलात जाते, न्हाणीच्या जाळीत बसते आणि मग पाणी तुंबतं. ती बोटांनी काढावी लागते. पलंगाखाली कोळंबीची सालं सापडतात. मला कामाचं काही वाटलं नाही. चादरीचा कोपरा तेवढा जमत नव्हता. शेजारच्या खोलीतली बाई दारात उभी राहून बघत होती. खाडीपलीकडच्या गावातली, माझ्याहून थोडी लहान.

"असा न्हाय, ताई. गादीला लुगडं नेसवायचा समजा. आधी खालना दुमडा, मंग बाजूनी घट्ट खोचा. सुटता कामा न्हाय."

दुसऱ्यांदा तो सुटला नाही.

मॅनेजर मागून यायचा. आरशावर बोट फिरवायचा, उशी हलवून बघायचा आणि हातातल्या कागदावर काहीतरी खूण करायचा. आम्हाला वाटलं मार्क देतोय. त्यामुळे तो आला की आम्ही पाचही जणी जास्त वाकून पुसायचो. एक बाई संडास धुताना हसायचा सराव करत होती. मी डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी पोहे आणि चहा दिला, मग निघालेल्या चादरी-टॉवेल धुवायला लावले. पाच वाजता तो म्हणाला, "खूप छान केलंत सगळ्यांनी. आम्ही कळवतो."

दुपारची कूस बदलायला मी शेजारणीला सांगून ठेवलं होतं. ती आली होती, पण एकटीला तो पेलला नाही. थोडासा सरकवून उशी लावून गेली. संध्याकाळी पाठ बघितली तर माकडहाडावर लाल झालं होतं.

कळवलं कोणी नाही. आमच्या घरात फोनला रेंज नाही, परसातल्या विहिरीपाशी येते. मी आठवडाभर भांडी विहिरीवर घासली. शेवटी शुक्रवारी मीच फोन लावला. "हां मॅडम, तुमचं फायनलमध्ये आहे," तो म्हणाला. "उद्या दुसरा राउंड." दुसऱ्या राउंडलाही बारा खोल्या. तिसऱ्या राउंडला जोडून सुट्टी आली होती, म्हणून जादा गाद्याही घालायच्या होत्या.

लाल होतं तिथे तोवर कातडी गेली होती. मी धुऊन मलम लावत होते. नवरा उशीत तोंड घालून म्हणाला, "पास झालीस तर बरा होईल. नापास होऊन होऊन मीच संपेन." मी त्याला गप्प बस म्हटलं.

तिसऱ्या शनिवारी चादरी वाळत घालताना खाडीपलीकडची माझ्या शेजारी होती. मी सहज विचारलं, "तुमचा कितवा राउंड?"

"सहावा असंल. होळीच्या आधीपासना येतंय."

"आणि बाकीच्या?"

"त्या बदलतात. दोन-तीनदा येतात नि कंटालतात."

मी चिमटा लावायची थांबले. आठवडाभर तिथे एक बिहारी जोडपं असायचं, तीन-चार खोल्या भरलेल्या असल्या तर तेवढ्यांना पुरायचं. गर्दी फक्त शनिवारी. आणि इंटरव्ह्यूही फक्त शनिवारी.

कागद मॅनेजरने कपड्यांच्या टोपलीवर ठेवला होता. मी तो उचलून पाहिला. त्यावर आमची नावं नव्हती. खोल्यांचे नंबर होते, एक ते बारा, आणि तयार झालेल्या खोल्यांपुढे खुणा.

मला राग आला असं म्हणता येणार नाही. मी घड्याळ पाहिलं. साडेबारा झाले होते, सहा खोल्या बाकी होत्या आणि दोन गाड्या आत वळत होत्या. मी बादली खाली ठेवली आणि व्हरांड्यात पाहुण्यांच्या वेताच्या खुर्चीत बसले.

मॅनेजर धावत आला. "मॅडम, काय झालं? तुमचा इंटरव्ह्यू चालू आहे."

"माझे प्रश्न राहिलेत. जागा किती आहेत?"

"सांगितलं ना, एक."

"ती कधी भरणार?"

त्याने गाड्यांकडे बघितलं. एका गाडीतून एक बाई उतरली आणि तिने उन्हात हाताची सावली करून आमच्याकडे बघितलं. तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, प्लीज, आत्ता नको."

मॅडमची मावशी झाले तेव्हा मला कळलं की जमेल. मी म्हटलं, "सोमवारपासून मला घ्या. रोज एक ते दोन मी घरी जाणार. पेशंट आहे."

"बाकी दिवस चालेल. शनिवारी एकला कसं सोडू? तेव्हाच तर..." तो थांबला आणि त्याने माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं. "असं करा. ट्रायलवाल्या लेडीजना तुम्हीच बघा. तुम्ही इथल्या, तुमचं ऐकतील. एकच्या आत बारा रूम रेडी झाल्या तर तुम्ही जा. मला काय."

तो काय करायला सांगतोय ते मला लगेच कळलं. मी न समजल्याचं दाखवलं नाही, तेवढं इथे लिहून ठेवते. मी माकडहाडावरची जखम डोळ्यांसमोर आणली आणि हो म्हटलं. मग उठून आत गेले आणि चौघींना म्हटलं, "हात चालवा, पाहुणे आलेत." सहा खोल्या व्हायला एक वाजून दहा मिनिटं झाली.

सोमवारपासून मी कामावर आहे. बिल्ला मिळाला, एक निळा कोटही. सर्टिफिकेटची पिशवी परत मिळाली, तिच्यावर कपाचा गोल उमटलेला आहे. दुपारी एकला घरी जाते, नवऱ्याला कुशीवर करते, पाठ धुते. जखम अजून भरलेली नाही, पण वाढत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी चार बायका आल्या. तीन नव्या होत्या, एकीने माझा निळा कोट बघून मला नमस्कार केला. चौथी खाडीपलीकडची. तिला मी बाजूला घेतलं.

"जागा नाहीये," मी म्हटलं. "आता कोणासाठीच नाही. फुकट राबू नका, घरी जा."

"म्हाईत हाय."

"मग कशाला येता?"

"जागा एकच हाय म्हनलावता ना तो? ती तुमाला भेटली. म्हंजे जागा होती, खोटा न्हाय बोलला." तिने कोपऱ्यातला झाडू घेतला. "तुमचा उद्या काय झाला, तुमच्या घरातल्याचा काय कमी-जास्त झाला, तर कोणला घेईल? जिचा तोंड वळखीचा हाय तिलाच. मी सोडून दिला तर माझा नंबर जाईल."

ती हे माझ्या तोंडावर, काही वाईट न वाटता बोलली. मलाही वाईट वाटायला वेळ नव्हता. नव्या तिघींना मी चादरीचा कोपरा दाखवला, खालून दुमडून बाजूने घट्ट. एकीने विचारलं, "मॅडम, निकाल कधी लागतो?"

"ते कळवतात," मी म्हटलं.

साडेबाराला अकरा खोल्या झाल्या होत्या. बारावी खाडीपलीकडची करत होती. तिने मला दारात घड्याळाकडे बघताना पाहिलं आणि ओल्या हाताने खूण केली. "जावा तुमी, ताई. मी बघतंय."

मी कोट काढून खुंटीला लावला आणि निघाले. एकला पाच मिनिटं असताना मी घरी होते. नवऱ्याच्या काखेत हात घातले, एक-दोन-तीन म्हणून त्याला भिंतीकडे वळवलं. तो म्हणाला, "आज येळंवर आलीस."