वैशूची हजेरी

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायको गेली, तिच्याजवळही नाही. तुमच्याजवळ काहून बोलून राह्यलो, तेही मले नीट समजत नाही — पण बोलतो.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण आमच्या बाभुळगावकडं माझा शब्द कोणी मोडत नव्हतं — त्याची मले लय घमेंड.

पोरगी वैशाली दहावीत होती. त्या साली हरभऱ्यावर वानरांचा कळप उतरला. मीनं तिची शाळा बंद केली आन् मचाणावर बसवलं, डबा वाजवाले. दिवसभर राखण. मग मी कुठं होतो? खरं सांगू? फाट्यावरच्या टपरीवर, पत्ते खेळत. राखण मलेही जमली असती — पण बापानं वानरं हाकलाची आन् पोरीनं पुस्तक वाचाचं, हे मनाले पटेना.

टपरीवरच तिचे गुरुजी भेटले. चार लोकांपुढं म्हणाले, "काका, हजेरी भरली नाही तर बोर्ड पोरीले परीक्षेले बसू देत नाही. वानरं तुम्ही हाका ना!"

"काकाले पाहून वानरं पळतीन काय? सोयरे समजून जवळ येतीन!" कोणीतरी बोललं. सारे हसले. माझं टाळकंच फिरलं.

आठवड्यानं गुरुजी घरी आले. अजून वेळ आहे म्हणाले, उद्यापासून पाठवा. उद्यापासून — एवढंच तर होतं. काय बिघडलं असतं?

मी म्हटलं, "तिलेच शिकाचं नाही, गुरुजी. मीनं लय समजावलं."

वैशू पाण्याचा गिलास घेऊन तिथंच उभी होती. आदल्या राती तीच रडली होती माझ्यापुढं — शाळेत जाऊ द्या म्हणून. गुरुजीनं तिच्याकडं पाह्यलं. तिनं गिलास ठेवला, आत गेली. पोरगी बापाले खोटं कसं पाडन?

हजेरी भरली नाही. मैत्रिणी परीक्षेले गेल्या तवा ती अंगणात हरभरा पाखडत होती. मग लग्न झालं.

परवा ती पोरीले घेऊन सासरहून, आर्णीहून आली. नातीनं तिले विचारलं, "आई, तू दहावी काहून नाही केली?"

"मलेच कंटाळा होता शाळेचा," वैशू म्हणाली. माझ्याकडं पाह्यलंही नाही.

नात हसत माझ्याकडं वळली — "आबा, आई एवढी आळशी होती?"

बोलाची तीच वेळ होती. माझी पोरगी आळशी नव्हती. कधीच नव्हती.

मी म्हटलं — हो.