उन्हात ठेवलेल्या नळ्या

आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटीही धरली नव्हती. तेव्हा मी चार पाने लिहावीत आणि ती लोकांनी वाचावीत, असे म्हणताना मला संकोच वाटतो. शिवाय ही हकीकत यशाचीही नाही. पण ज्यांनी ती माझ्याबरोबर भोगली, त्यांना ती कधी लिहिता येणार नाही, म्हणून लिहितो. वाचणाऱ्याने चुका पोटात घालाव्यात.

लढाईची वर्षे होती. मी मुंबईत रसायनशास्त्रात एम.एस्सी.साठी संशोधन करत होतो. काम ऐकायला सोपे होते. एक पिवळसर पदार्थ द्रवात विरघळवून काचेच्या नळीत भरायचा, नळीचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचे आणि तिच्यावर प्रकाश पडू द्यायचा. प्रकाशाने त्या पदार्थाचे दोन-दोन रेणू जोडले जातील आणि नवा पदार्थ पांढऱ्या स्फटिकांच्या रूपाने काचेवर धरेल, असा आमच्या सरांचा तर्क होता. तो पदार्थ कुणी केल्याचे आमच्या वाचनात नव्हते. सरांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते, "कुणाच्याही आधी केलात तर पदवी. नुसत्या मेहनतीला पदवी देत नाहीत."

प्रयोगशाळेतला दिवा बिघडला. नवा परदेशातून यायचा, तो लढाईमुळे येईना. गच्चीवर नळ्या ठेवून पाहिल्या, तर गिरण्यांच्या धुराने त्यांच्यावर दिवसभरात काजळी धरे. सर म्हणाले, "तुमच्या गावाकडे ऊन स्वच्छ असेल." मी मान हलवली. राब भाजायचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन जाळायचे दिवस तोंडावर आले आहेत, गावातही धूर आणि राख उडेल, हे कुणब्याच्या मुलाला आठवायला हवे होते. आठवले नाही.

होळीच्या आधी भुशाच्या पेटीत बारा नळ्या घेऊन मी खर्डी स्टेशनावर उतरलो आणि पेटी छातीशी धरून आमच्या वाडीपर्यंत चालत गेलो. मळणी केव्हाच आटोपली होती, खळे रिकामे होते. तिथे फळी मांडली. एक नळी काळ्या फडक्यात गुंडाळली, म्हणजे उन्हाने काय झाले आणि उन्हाविना काय, हे ताडून पाहता येईल. बाकीच्या सकाळी मांडायच्या, दुपारी एकदा फिरवायच्या, संध्याकाळी पेटीत ठेवायच्या, असे मी बाला, म्हणजे माझ्या वडिलांना, समजावले.

धसईहून मामा आला होता. तो फळीजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "भाच्या, लोका उनात पापड वालवतात. तू पानी वालवतोस का रे?"

"पाणी नाही मामा. यात दोन-दोन कण जोडले जातात."

"म्हंजे लगीन लावतोस! दाजी, हलद आना."

बा हसला नाही. "तुला काय कलतंय?" तो म्हणाला. "पोराची परीक्षा हाय ती."

मला मुंबईला परतावे लागले. कॉलेजातली प्रात्यक्षिके माझ्याकडे होती, त्यामुळे मेअखेरपर्यंत घरी जाता आले नाही. मी रोज मनात दिवस मोजत होतो.

घरी आलो तेव्हा नळ्या नऊच होत्या. त्या सगळ्या जशा नेल्या होत्या तशाच होत्या, पिवळसर आणि स्वच्छ. एकीतही कण नव्हता. काळ्या फडक्यातली आणि उघड्यावरची शेजारी धरली, तर फरक दिसेना.

"बा, या उन्हात होत्या ना?"

"व्हत्या की."

आई चुलीपुढून उठून दारात आली. "आता सांग ना त्याला. किती दिस गिलनार?"

मग कळले. रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजला, त्या दिवशी राख उडून नळ्यांवर बसली. लेकाच्या नळ्या मळल्या म्हणून आईने भरदुपारी ओले फडके घेऊन त्या पुसायला घेतल्या. तापलेल्या काचेला गार पाणी लागले आणि तीन नळ्या तिच्या हातातच तडकल्या. तिच्या तळव्यावर वण होता. बाने उरलेल्या नळ्या उचलल्या आणि आंब्याखाली सावलीत नेल्या. पुढे रोज तिथेच मांडल्या. रोज दुपारी फिरवल्या, संध्याकाळी पेटीत ठेवल्या. सांगितलेले सगळे त्याने केले होते, एक ऊन सोडून.

"अजून फुटल्या असत्या त तू नापास झाला असतास," तो म्हणाला. "मी काय करू, सांग."

मी नळ्या पेटीत ठेवू लागलो. ओरडायला हवे होते असे नाही, पण "असू दे" एवढेही तोंडातून आले नाही, ते मला आज लागते.

पंधरा दिवसांत आभाळ भरले. ढगांपुढे विद्या चालत नाही. चार महिने पेटी माळ्यावर होती. त्या सत्रात प्रात्यक्षिके माझ्याकडे नव्हती, म्हणून मी शेतीच्या कामाला घरीच होतो; तिथून सरांना पत्रे लिहीत होतो आणि ते "धीर धरा" एवढेच उत्तर पाठवत होते.

दिवाळीनंतर नळ्या पुन्हा मांडल्या. या वेळी बा दिवसभर डोक्याला पंचा गुंडाळून त्यांच्याशेजारी बसे. झाडाची सावली सरकली की फळी सरकवी. कुणी जवळ आले की ओरडे, "लांबून बघा!" पौषात त्याने एक नळी माझ्यापुढे धरली. काचेला आतून पांढरे दाणे धरले होते.

"हेच ना रे?"

"हेच."

"मंग मी उगाच घाबरलो व्हतो," तो म्हणाला आणि पहिल्यांदा मोकळा हसला.

स्फटिकांचा वितळणबिंदू काढला, रेणूचे वजन काढले. तर्क बरोबर होता. मी प्रबंध लिहायला घेतला. शेवटचे प्रकरण घरी बसून उतरवत होतो, तेव्हा सरांचे पत्र आले. लढाईमुळे अडकलेला परदेशी मासिकांचा गठ्ठा एकदम पोचला होता. त्यात आमचाच पदार्थ होता, तोच वितळणबिंदू होता.

बा समोर बसला होता. मी पत्र मोठ्याने वाचले. कुणीतरी आपल्या आधी केले, हे ऐकून त्याने विचारले, "लई आधी?" मी म्हणालो, "हो, बऱ्याच आधी." पत्रातले एक वाक्य मी वाचले नाही. ते असे होते: "त्यांचा लेख संपादकांकडे पोचल्याची तारीख गेल्या सप्टेंबरातली आहे, आपल्याला गेल्या उन्हाळ्यात स्फटिक मिळाले असते, तर आपण पहिले ठरलो असतो."