न दुखणारा पाय

माझ्या उजव्या पायाविषयी लिहिताना आजही लेखणी अडखळते. पंचवीसहून अधिक वर्षे केनवडच्या आसपास लोक मला ‘लंगडे जमादार’ म्हणत आले. जमादार मी कधीच नव्हतो, साधा शिपाई होतो. आणि लंगडाही नव्हतो. पहिली चूक लोकांची होती, दुसरी सर्वस्वी माझी.

मागच्या महायुद्धात आमची कंपनी इराकच्या मुलखात होती. एका सकाळी कोरड्या कालव्यापलीकडच्या तुर्की खंदकावर चढाई करायची होती. दोन्ही गोरे अधिकारी प्रारंभीच पडले आणि सूत्रे सुभेदारसाहेबांच्या हाती आली. ते मानोऱ्याकडचे, घरचे शेतकरी. समोरून मशीनगन चालू असताना ते उभे राहिले, पटका आवळला आणि पेरणीपूर्वी शेत पाहायला निघालेल्या माणसासारखे चालू लागले. तीनदा त्यांनी आम्हाला जमिनीला चिकटवले, तीनदा उठवले. आम्ही आडवे पडलेलो असताना ते मात्र उभेच असत, आणि नावानिशी हाक मारून एकेकाला पुढे नेत. तिसऱ्या हाकेला सारे उठले. मी उठलो नाही. कालव्याच्या काठाशी तोंड लपवून राहिलो. संगिनींनी खंदक घेतल्याचा जयघोष मी तेथूनच ऐकला.

दुपारी ते जखमींना आणायला परत आले. गोळीबार पुरता थांबला नव्हता. माझ्या अंगावर रक्ताचा थेंबही नव्हता. त्यांनी मला क्षणभर न्याहाळले आणि विचारले, “पाय मुरगळला काय रे? चाल, मी धरतो.”

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी माझा हात आपल्या खांद्यावर घेतला, मी लंगडू लागलो, आणि थोड्याच अंतरावर त्यांच्या पाठीत गोळी शिरली. तरीही मला आडोशाला पोहोचवल्यावरच ते खाली बसले. तिसऱ्या दिवशी इस्पितळात त्यांनी प्राण सोडला.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला: त्यांना ठाऊक होते काय? ठाऊक नसेल, तर मी त्यांना फसवून मारले. ठाऊक असेल, तर त्यांनी माझ्यासारख्याला का धरले? हे कोडे मी जपात सोडवून पाहिले, उपवासात सोडवून पाहिले, सुटले नाही. गावी परतल्यावर दरवर्षी पोळ्याच्या सुमारास त्यांच्या पत्नीचा निरोप येई, “जमादाराचा पाय कसा हाये?” ज्या पायासाठी आपले धनी गेले, त्याची ती विचारपूस होती. तो पाय सरळ टाकण्याचे धैर्य मला झाले नाही. मी लंगडत राहिलो, आणि लंगडता लंगडता माझे डावे कंबरडे खरोखरच निकामी होत गेले.

वैद्यांनी हात टेकल्यावर एका चैत्रात मी पोहरादेवीच्या यात्रेला निघालो. वाट सुभेदारांच्या गावावरून जाते; मी मुद्दाम लांबच्या वाटेने गेलो. देवळाजवळच्या गर्दीत कंबर लचकली आणि मी कोसळणार, तोच एका वृद्ध बंजाऱ्याने माझा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. “चाला, मी धरतो,” तो म्हणाला. तेच शब्द!

चार पावले जाताच तो हसू लागला. “पाहुणे, दुखते तुमचं डावं कंबरडं, अन् लंगडता उजव्या पायानं! बैल असते तं बजारात तुमाले कोनी फुकटबी नसतं नेलं.”

त्याच्या तांड्याची माणसे निखाऱ्यांवर देवीचा भोग चढवीत होती. त्यापूर्वी आपले मागणे उभे राहून बोलायचे, अशी त्यांची रीत. मी डोळे मिटून पुटपुटू लागताच म्हातारा म्हणाला, “मनातल्या मनात नाही चालत. देवीपुढं बोला लागते.”

आणि मी बोललो. अनोळखी स्त्रीपुरुषांपुढे कालवा, हाक, न उठलेला मी, सारे बोललो. निखाऱ्यावर तूप चरचरले. कोणी तोंड फिरवले नाही. म्हातारा हळूच म्हणाला, “हे देवीनं आयकलं. पन ज्या घरचं हाये, त्या घरी कधी सांगता?” प्रसाद घेऊन वळलो, तर तो दिसला नाही. गर्दी फार होती. याहून अधिक मी काही म्हणत नाही.

परतताना जवळच्या वाटेने आलो. सुभेदारांच्या पत्नी अंगणात डाळ पाखडत होत्या. मी उभ्यानेच सर्व सांगितले. सूप थांबले. मी कोणत्याही शिक्षेला तयार होतो.

“मंग आज लंगडत काहून आले?”

“आता खरंच दुखते, वहिनी.”

त्यांच्या ओठांवर हसू आले आणि डोळे भरले. धीर करून मी विचारले, “साहेबांना ठाऊक असेल काय?”

“ठाऊक असतं तरी आनलंच असतं, नसतं तरी आनलंच असतं. त्याईची खोडच तशी.” पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, “मले इतके वर्स वाटे, त्याईनं जीव देऊन अर्धाच मानूस आनला. तुमी तं पुरेच आले होते.”

मग त्या आत गेल्या, एक काठी घेऊन आल्या आणि माझ्या हाती दिली. “त्याईची हाये. टेका.”

मी आयुष्यभर विचारत होतो की कृपा मला ओळखून आली की न ओळखता. कृपेने ते पाहिलेच नव्हते. तिने फक्त खांदा पुढे केला होता, आणि मी त्यावर खोटा भार टाकला होता. त्या अंगणात जगन्मातेचे नाव घेऊन मी काठी जमिनीवर रोवली आणि प्रथमच माझा सगळा खरा भार तिच्यावर सोडला. तिने तो पेलला.