तणमोराच्या बाई

मोटरसायकलचा आवाज आला की बाई दुर्बीण भाजीच्या पिशवीत टाकत आणि जवळच्या तुरीचं पान उलटून पाहू लागत. “धुऱ्यावर पाखराचं नाव काढाचं नाई,” हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बांधावर उभं राहून बजावलं होतं. जाणकार माणूस आपलं ज्ञान मिरवतो, हे आपण रोज पाहतो. बाई ते लपवत.

मी घरातला पहिला पदवीधर. अमरावतीला शिकलो, पण पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. बाई अकोल्याकडच्या गवताळ पडितांत तणमोराचा अभ्यास करत. कोंबडीएवढा हा पक्षी उंच गवतात जमिनीवरच अंडी घालतो, आणि तसं गवत आता मोजक्याच शेतांत उरलं आहे. त्यांनी मला सोबत घेतलं, नोंदी करायला शिकवलं, डब्यातली अर्धी भाकर दिली.

गावात त्या ‘किडीवाल्या मॅडम’ होत्या. बायका कपाशीची पानं आणून औषध विचारत. बाई खरोखर कुठूनतरी माहिती काढून पुढच्या खेपेला सांगत. मला हसू येई. त्यांना मात्र धास्ती होती, की पक्षी कळला तर सरकार शेत घेईल असं लोकांना वाटेल.

त्या पावसाळ्यात एका पडितात मादी अंड्यांवर बसलेली दिसली. मालक काकांनी मला एकट्याला गाठून चहा पाजला, माझ्या शिक्षणाचं कौतुक केलं. मी फुशारकीनं सांगून टाकलं, की तुमच्या शेतात दुर्मीळ पक्षी आहे, कायदासुद्धा त्याला जपतो.

काका हसले नाहीत. “मंग वावर जाईन का माहं?”

मी नाही म्हटलं. पुन्हा पुन्हा म्हटलं.

पावसाची उघाड होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा ट्रॅक्टर शेवटच्या टोकाला वळत होता. बाई ढेकळांतून वाकून शोधत राहिल्या. मीच बोललो, असं मी रडत सांगितलं. काका जवळ आले, खाली बघत म्हणाले, “मॅडम, मले भेव वाटलं.”

“मलेबी वाटते, भाऊ,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच सांगतलं नाई तुमाले.”

पुढे त्यांचं काम बंद पडलं. त्या दूर दुसऱ्या राज्यात गेल्या. अधूनमधून फोन येतो, आणि त्या एवढंच विचारतात, की आमच्या नोंदींमधलं नाल्यापलीकडचं गवत अजून आहे ना. मी आहे म्हणतो. ते मी एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं. तिथं उतरत नाही. मी उभा दिसलो, तर कोणीतरी विचारेल, काहून थांबला.